बाण डावीकडेच का जातो?

"अम्मी, मेरेकू नई जमता ये," असं म्हणून माझ्या धाकट्या मुलीने धनुष्य पलंगाखाली सरकवलं. ती तेव्हा आठवीत होती. सहा महिने रोज पहाटे नमाजनंतर मी तिला मैदानावर सोडत होते आणि तिथूनच शाळेत जात होते. एवढं करून पोर रडवेली झाली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिच्यात चिकाटीच नाही. चार दिवस मी तिला तेच ऐकवलं. आज त्याची लाज वाटते, म्हणून हा महिना त्या विषयावर.

आमच्या फलटणला हॉकी आणि खो-खो नवे नाहीत. तिरंदाजीचं नाव मात्र घरोघरी पोचलं ते सरडे गावच्या प्रवीण जाधवमुळे. हे गाव आमच्याच तालुक्यातलं. आई-वडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी मुलाला आधी धावायला लावलं, पुढे तो क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि अमरावतीला तिरंदाजी शिकला. 2019 च्या जागतिक स्पर्धेत अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्याबरोबर त्याने सांघिक रौप्यपदक मिळवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एका रशियन तिरंदाजाला 6-0 असं हरवलं आणि पुढच्याच फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून 0-6 असा हरला. पॅरिसलाही तो संघात होता. शिक्षिका म्हणून मला या सगळ्यात त्या प्राथमिक शिक्षकांचं काम सर्वांत मोठं वाटतं. पोराच्या अंगात काय आहे ते त्यांनी आधी पाहिलं, त्याच्या हातात काय द्यायचं ते नंतर ठरलं.

मी नेमकं उलटं केलं. आधी सामान आणलं.

मुलीच्या नानीने ईदीचे पैसे साठवून दिले होते, त्यात मी माझे थोडे घातले. शहरातल्या एका दुकानात जाऊन रिकर्व्ह धनुष्य आणि डझनभर कार्बनचे बाण घेतले. दुकानदाराने धनुष्याच्या पात्यावरचा आकडा वाचला, "28 पौंड" म्हणाला आणि चांगले, टिकाऊ, कडक बाण बांधून दिले. मुलीचे हात कोणी मोजले नाहीत. मलाही मोजायचे असतात हे ठाऊक नव्हतं. उर्दूच्या तासाला मी मुलांना "लगा तो तीर, नहीं तो तुक्का" ही म्हण शिकवते. तुक्का म्हणजे टोक नसलेला बोथट बाण, हेही सांगते. आणि स्वतः मात्र पैसे मोजून तुक्काच मारून आले होते.

पुढे झालं असं, की मुलीचे बाण एकमेकांच्या जवळ लागायचे, पण सगळे डावीकडे. साइटची पिन सरकवता सरकवता पार कडेला पोचली. मग ती बाण उजवीकडे जावा म्हणून खांदा वळवायला लागली, मान तिरकी करायला लागली. बाणामुळे तिची उभं राहण्याची ढब बिघडत होती आणि मी तिलाच बोलत होते. शेवटी एका स्पर्धेला आलेल्या बाहेरगावच्या प्रशिक्षकांनी तिला दोनदा बाण सोडताना पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे बाण हिचेच आहेत का मोठ्या भावाचे?"

त्यांनी सांगितलेली गोष्ट मी माझ्या शब्दांत सांगते. बाण धनुष्यातून सरळ निघत नाही. बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती किंचित बाजूला सरकते, मागून जोराचा धक्का बसतो आणि बाण मध्ये वाकतो. मासा पाण्यात वळवळतो तसा तो वळवळत धनुष्याच्या मधल्या दांड्याला वळसा घालून पुढे जातो आणि थोड्या अंतरावर सरळ होतो. म्हणजे बाणाने वाकलंच पाहिजे, पण हवं तेवढंच. ओली फोक आणि वाळकी काठी यांत जो फरक, तोच मऊ आणि कडक बाणात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि डावीकडे जातो. फार मऊ असेल तर उजवीकडे. डावखुऱ्यांचं याच्या उलट.

या लवचीकपणाला स्पाइन म्हणतात आणि त्याचा आकडा बाणाच्या दांड्यावर छापलेला असतो. तो काढण्याची रीत साधी आहे. 29 इंचांचा दांडा 28 इंचांवरच्या दोन आधारांवर आडवा ठेवायचा, मधोमध साधारण 880 ग्रॅमचं वजन टांगायचं आणि तो किती खाली झुकतो ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायचं. 600 लिहिलं असेल तर तो 0.6 इंच झुकतो, 1000 लिहिलं असेल तर अख्खा एक इंच. आपल्याला वाटतं मोठा आकडा म्हणजे दणकट. इथे मोठा आकडा म्हणजे मऊ. आमच्या बाणांवर 600 होतं.

आता मुलीचं माप. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत तिची लांबी 62 इंच भरली. तिला अडीचने भागलं की ती दोरी किती ओढते त्याचा अंदाज येतो: सुमारे 25 इंच. पात्यावरचे 28 पौंड मात्र 28 इंच ओढलं तर असतात, आणि इंचाला साधारण दोन पौंड कमी होतात. म्हणजे माझ्या लेकीच्या हातात 28 नव्हे, 22 पौंडांचं धनुष्य होतं. दुकानदाराने बाण दिले ते चांगल्या दंडाच्या माणसाचे. हे गणित सहावीतलं पोर करील. मी बीएड असून केलं नव्हतं.

पालकांनी एक खूण लक्षात ठेवावी. बाण फळ्यावर चहूकडे विखुरलेले असतील तर बाण बदलण्यात अर्थ नाही, हात अजून बसायचा आहे. सराव करू द्या. पण बाण एका जागी गोळा होत असतील आणि ती जागा सारखी एकाच बाजूला असेल, साइट हलवूनही भागत नसेल, तर पोराला रागावण्याआधी बाणाकडे बघा. खात्री करायची तर आणखी एक चाचणी आहे. पिसं लावलेले तीन बाण आणि त्याच जातीचे पिसं काढलेले दोन बाण सुमारे 18 मीटरवरून मारायचे. पिसं बाणाची चूक हवेत सुधारून घेतात, त्यामुळे पिसांचा बाण खरं बोलत नाही, बिनपिसांचा बोलतो. आमचे बिनपिसांचे दोन्ही फळ्याच्या अगदी डाव्या कडेला जाऊन लागले. ही चाचणी प्रशिक्षकांसमोरच करावी, कारण असा बाण कुठे जाईल सांगता येत नाही. मागे भक्कम आडोसा हवा आणि आसपास लहान मुलं नकोत.

मग कोणते घ्यायचे? वाढत्या वयाच्या मुलासाठी महागडे घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. वर्षभरात हात लांबतात, ताकद वाढते आणि बाण बदलावे लागतात. ऑलिंपिकला खेळणारे वापरतात ते मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते होत जाणारे दांडे 70 मीटरवरच्या 122 सेंटिमीटरच्या चकतीसाठी असतात. आपलं पोर अजून 20-30 मीटरवर आहे. त्याला एकसारखे, मापाचे बाण मिळाले की पुष्कळ झालं. आम्ही दुसऱ्या वेळी अ‍ॅल्युमिनियमचे घेतले, 1616 नंबरचे. या नंबरात पहिले दोन अंक जाडीचे, इंचाचे 64 भाग करून त्यातले 16, म्हणजे पाव इंच. पुढचे दोन पत्र्याच्या जाडीचे, इंचाच्या हजार भागांपैकी 16. त्यांची स्पाइन हजाराच्या आसपास येते. लांबी ओढीपेक्षा दोन इंच जास्त ठेवली, 27 इंच. ती दोन कारणांसाठी. एक म्हणजे हात वाढले तरी बाण पुरतो. दुसरं जास्त महत्त्वाचं: आखूड बाण ओढताना आधारावरून मागे घसरला तर धनुष्य धरलेल्या हातातच घुसू शकतो. लांब दांडा जास्त वाकतो हेही ध्यानात ठेवावं. कापला की कडक होतो, टोकाला जड अणी लावली की मऊपणा वाढतो. थोडाफार फरक असा जुळवता येतो. 600 चा मात्र कशानेच जुळला नसता.

अ‍ॅल्युमिनियमचा बाण वाकतो, पण वाकलेला डोळ्याला दिसतो. काचेवर गडगडवून पाहिला की लगेच कळतं. कार्बनचा वाकत नाही, तडकतो. म्हणून तो रोज दोन्ही हातांत धरून, कानाजवळ नेऊन हलकेच वाकवून पाहावा. कर्र असा आवाज आला की तो बाण मोडून टाकावा, कितीही जीव तुटला तरी. तडकलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या सळ्या हातात शिरतात.

एक खास मुलींच्या अम्मींसाठी. ओढलेली दोरी हनुवटीला टेकते, त्यामुळे स्कार्फ गळ्याशी घट्ट बसणारा हवा. त्याचं मोकळं टोक, ओढणी, सैल बाही यांतलं काहीही दोरीच्या वाटेत आलं तर बाण भरकटतो आणि चटकाही बसतो. छातीवरचं संरक्षक कापड मिळतं, ते वरून बांधलं की सगळं जागच्या जागी राहतं. पिन समोर लावू नये.

साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी, 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हापासून आमच्याकडे पालक विचारतात, तिच्यासारखे बाण घ्यावेत का? ती कंपाऊंड धनुष्य वापरते. त्यात दोरी बोटांनी नाही, हातातल्या कळीने सोडतात, म्हणून बाण आडवा फारसा वाकत नाही आणि त्याचा हिशेबच वेगळा. एकाचे बाण दुसऱ्याला चालतील असं धरून चालू नये. तिचेही वडील शिक्षकच, एवढं मात्र आम्हा मास्तरलोकांना सांगायला आवडतं.

माझे अब्बा हदीसचा हवाला देऊन म्हणायचे, तिरंदाजी शिकून सोडून देणं चांगलं नव्हे. त्या चार दिवसांत तेही मी लेकीला सुनावलं होतं. नवे बाण आले त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अम्मी, पहले मारने तो देव." पहिले सहा बाण पुन्हा विखुरले, कारण वळवलेला खांदा तिला सवयीचा झाला होता. तो सरळ व्हायला पुढे दोन महिने लागले. साइटची पिन आता मधोमध आहे. 600 चे बाण माझ्या भाच्याने नेले. त्याची ओढ 28 इंच आहे, धनुष्य 34 पौंडांचं, आणि त्याच्याकडे ते छान सरळ जातात.