यंत्रगप्पा : हाकेला ओ आली नाही तर?

बालमित्रांनो, वर्गात हजेरी घेताना बाई नाव पुकारतात आणि आपण "हजर!" म्हणतो. एखादं नाव पुकारल्यावर कुणीच बोललं नाही, तर बाई काय करतात? सरळ गैरहजेरी मांडतात. ‘गप्प आहे, म्हणजे बसला असेल कुठंतरी’ असं त्या धरून चालत नाहीत. एवढी साधी गोष्ट संगणकाला कुणी शिकवली नाही तर काय होतं, ते गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचरांना चांगलंच कळलं. त्याचीच ही हकिकत.

माझी बहीण गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. हा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव इथं गावोगाव आहेत. त्यांना म्हणतात माजी मालगुजारी तलाव. पण एवढं लांबलचक कोण म्हणणार? म्हणून लोकांनी दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर उचललं आणि नाव पाडलं ‘मामा तलाव’! बहिणीच्या घरामागं असाच एक तलाव आहे आणि त्याच्या सांडव्याखाली आबाजींची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, बांधी आहे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेलं धानाचं शेत.

भाची नववीत, भाचा सातवीत. विज्ञान प्रदर्शनासाठी दोघांनी तलावाची पातळी मोजणारं यंत्र केलं. पाण्यावर एक बांबू आडवा बांधला. त्याला खाली तोंड करून एक सेन्सर लावला. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाण्यावर सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यावरून पाणी किती खाली आहे ते निघतं. हा आकडा दर दहा सेकंदांनी एका जुन्या मोबाइलमार्फत लांबच्या सर्व्हरकडे जाई आणि तिथून घरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर येई. येणारी आकड्यांची धार पडद्यावर उतरवून घ्यायला त्यांनी एक तयार प्लगइन बसवलं होतं. प्लगइन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम.

सांडव्याची उंची १ मीटर ९० सेंटीमीटर. पातळी १ मीटर ८० वर गेली की लॅपटॉपनं घंटा वाजवायची, अशी योजना होती. मग आबाजींनी उठून बांधीचा धुरा फोडायचा आणि पाण्याला वाट करून द्यायची. बांधीत कोवळे पऱ्हे होते, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं.

एका रात्री वीज गेली. घरात इन्व्हर्टर असल्यामुळं लॅपटॉप आणि इंटरनेटची पेटी चालूच राहिली, पण गावाला जिथून इंटरनेट येतं तिथलं यंत्र बंद पडलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी गेलेलं इंटरनेट साडेअकराला परत आलं. एकनंतर धो धो पाऊस लागला. पडद्यावर मात्र आकडा होता १ मीटर ६२. दोनला १ मीटर ६२, चारला १ मीटर ६२. घंटा वाजलीच नाही.

सकाळी पाहतो तो सांडवा भरभरून वाहत होता. पऱ्ह्यांवर गाळ बसला होता आणि निम्मे तर गेलेच होते. आबाजी रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पोरांनो, तुमचं यंत्र झोपलं होतं काय जी? झोपलं होतं तर तसं सांगाचं ना! म्या कंदील घेऊन पाळीवर जाऊन आलो असतो."

भाचीचा रडवेला फोन आला. "मामाजी, बिघाड कुठं आहे तेच समजून नाही राहिलं." दुसऱ्याच दिवशी मी गोंदियाची गाडी धरली.

बिघाड शोधताना एक नियम पाळायचा, बरं का! एकदम सगळं उचकटायचं नाही. साखळीची एकेक कडी तपासायची. पहिली कडी सेन्सर. भाच्यानं त्याच्याखाली हात धरला, आकडा लगेच बदलला. म्हणजे सेन्सर ठीक. दुसरी कडी सर्व्हर. त्याच्याकडची नोंद उघडली, तर त्या रात्रीचे सगळे आकडे तिथं ओळीनं हजर! म्हणजे सर्व्हरही ठीक. उरला लॅपटॉप. भाची म्हणाली, "त्या सकाळी मी पान बंद करून पुन्हा उघडलं आणि लगेच खरा आकडा आला." म्हणजे नवी जोडणी होत होती. जुनी तुटल्यावर पुन्हा जोडणंच तेवढं होत नव्हतं.

आता बिघाड मुद्दाम घडवून आणायचा. पेटीतली बाहेरून येणारी तार आम्ही एक मिनिट काढली आणि परत लावली. थोड्याच वेळात राहिलेले आकडे भराभर आले. अरेच्चा! सगळं ठीकच की! पण त्या रात्री तर इंटरनेट दोन तासांवर गेलं होतं. म्हणून मग तार अर्धा तास काढून ठेवली. परत लावली आणि वाट पाहिली. आकडा जागचा हलला नाही. सापडला चोर!

असं का झालं? इंटरनेटवर निरोप पोचला की पोचल्याची पावती परत येते. पावती आली नाही, तर पाठवणारा तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. आमचा सर्व्हर साधारण पंधरा मिनिटं असा प्रयत्न करी आणि मग जोडणी संपवून टाकी. एका मिनिटाचा खंड त्यामुळं भरून निघाला, अर्ध्या तासाचा निघाला नाही. पण सर्व्हरनं जोडणी संपवली हे लॅपटॉपला कुणी सांगायचं? सांगायची वाटच तर तुटलेली! लॅपटॉप स्वतः काही पाठवत नव्हता, नुसता कान देऊन बसला होता. पाहुणा कधीच गावाला निघून गेलाय आणि हा आपला दारात उभा राहून त्याच्या बोलण्याची वाट पाहतोय! वायफायची खूणही पूर्ण भरलेली दिसत होती, कारण ती खूण लॅपटॉप आणि घरातली पेटी यांच्यापुरतीच असते. पेटीच्या पलीकडं काय चाललंय ते ती सांगत नाही.

त्या प्लगइनचा प्रोग्रॅम कुणालाही वाचायला आणि बदलायला खुला होता. आम्ही तो वाचला. गंमत म्हणजे ‘जोडणी तुटली तर पुन्हा जोड’ अशी आज्ञा त्यात होती. पण तुटल्याचं कळलं तर जोडणार ना! तो शांततेचा अर्थ ‘नवीन काही नाही’ असा घेत होता.

गोंदिया हे रेल्वेचं मोठं जंक्शन. मी भाचरांना विचारलं, "रेल्वेची तार तुटली तर सिग्नल कोणता दिसावा? हिरवा की लाल?" भाचा पटकन म्हणाला, "लाल!" शाब्बास! १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांमधून बारीकसा वीजप्रवाह खेळवण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. प्रवाह पोचतोय तोवरच रूळ मोकळा समजायचा. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, तर प्रवाह थांबतो आणि सिग्नल आपोआप लाल होतो. शांतता म्हणजे धोका, असं रेल्वेनं दीडशे वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं.

आम्हीही तेच केलं. प्लगइनमध्ये तीन गोष्टी घातल्या.

पहिली, हाक. लॅपटॉपनं दर वीस सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं, "आहेस का?" सर्व्हरनं म्हणायचं, "ओ!" लागोपाठ दोन हाकांना ओ आली नाही, तर जोडणी तुटली असं समजायचं. पडदा लाल करायचा, घंटा वाजवायची आणि ‘शेवटचा आकडा ९ वाजून १० मिनिटांचा’ असं ठळक लिहायचं. २०११ साली वेबसॉकेट ही पद्धत प्रमाण म्हणून ठरली, तेव्हा तिच्यातही ‘पिंग’ आणि ‘पाँग’ असे हाक-ओचे निरोप मुद्दाम ठेवलेले आहेत.

दुसरी, धीर. तुटलेली जोडणी सोडून नवी करायची, पण सारखी कडी वाजवत सुटायचं नाही. एक सेकंद थांबून पाहायचं, नाही जमलं तर दोन, मग चार, मग आठ, असं करत मिनिटापर्यंत जायचं. शिवाय दर वेळी त्यात चिठ्ठी काढल्यासारखे थोडे सेकंद मिसळायचे. ते कशाला? समजा असे पाचशे पडदे आहेत. वीज आल्याबरोबर पाचशेही जण एकदम दार ठोठावू लागले, तर सर्व्हर पुन्हा आडवा व्हायचा! ही युक्ती जुनी आहे. हवाई बेटांवर १९७१ साली सुरू झालेल्या अलोहानेटमध्ये दोन निरोप एकमेकांवर आदळले, तर प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं असे. पुढं इथरनेटमध्ये हा थांबा दर वेळी दुप्पट होत जाईल अशी व्यवस्था झाली.

तिसरी, खूण. आपण पुस्तकात जशी खूण घालतो, तसा प्रत्येक आकड्याला अनुक्रमांक द्यायचा. पुन्हा जोडलं की लॅपटॉपनं सांगायचं, "माझ्याकडं ४३१२ पर्यंत आलंय, पुढचं दे." आजारपणात शाळा बुडाली, तर आपण मित्राची वही आणून राहिलेलंच उतरवतो ना, तसं.

मग तार पुन्हा अर्धा तास काढली. एका मिनिटाच्या आत पडदा लालबुंद! तार लावल्यावर पुन्हा मिनिटाभरात निळा झाला आणि मधले सगळे आकडे ओळीनं येऊन बसले. भाचरांनी अशी काही आरोळी ठोकली की तलावावरचे बगळे उडाले.

पण एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी म्हणेल. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला होता. वर मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडावं लागलं आणि खाली गोंदिया, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. अशा वेळी नदी आता कुठवर आली, हे कळण्यावर माणसांचा जीव अवलंबून असतो. तिथं अडकून पडलेला आकडा, आकडा नसण्यापेक्षाही वाईट. काहीच दिसत नसेल, तर माणूस स्वतः जाऊन पाहतो. जुनाच आकडा दिसला, तर तो निश्चिंत झोपतो.

आबाजींनी लाल पडदा पाहिला आणि हसून म्हणाले, "आता शिकलं तुमचं यंत्र. नाही समजत तर नाही समजत म्हणते!" शेजाऱ्यांनी पऱ्हे दिले आणि रोवणी आठ दिवस उशिरा का होईना, पण झाली. मात्र पावसाच्या रात्री आबाजी अजूनही एकदा पाळीवर चक्कर मारून येतात, आणि ते बरोबरच आहे!

आता तुम्हीही करून पाहा. दोन रिकाम्या काडेपेट्या आणि लांब दोरा घेऊन टेलिफोन करा. दोरा ताणून धरा. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं पाठ करून नुसती ऐकायची. तिसऱ्यानं मध्येच हळूच दोरा चिमटीत धरायचा. ‘फोन तुटला’ हे ऐकणाऱ्याला कळायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहा. सांगणाराच गप्प झाला असेल, असं त्याला वाटेल! मग नियम करा, की सांगणाऱ्यानं दर दहा आकडे मोजले की ‘ओ’ म्हणायचंच. आता पुन्हा दोरा धरा आणि वेळ मोजा. किती फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.