क्षेत्रफळ बोलत नाही

सीमाभागातील मराठीचे टक्के सांगणारे रंगीत नकाशे आमच्याकडे वारंवार येतात. त्यांपैकी अनेकांमागे एकच रीत असते : दोन बहुभुज एकमेकांवर ठेवायचे, त्यांचा सामाईक भाग छेदून काढायचा आणि त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात भाषकसंख्या वाटायची. या रीतीवर आमचा आक्षेप आहे.

ग्वाल्हेरवर कोणाचा सीमादावा नाही. म्हणून हा प्रश्न तेथे शांतपणे तपासता येतो. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये टाकलेल्या छावणीचे पुढे लष्कर हे नगर झाले आणि मराठी वस्ती मुख्यतः तेथेच एकवटली. समजा, जिल्ह्यात दहा हजार मराठी भाषक आहेत आणि एका मतदारसंघाचा बहुभुज जिल्ह्याचे चाळीस टक्के क्षेत्र व्यापतो. संगणक त्याला चार हजार मराठी भाषक देईल. मतदारसंघ भितरवारकडील शेतीचा असेल, तर खरी संख्या शून्याजवळ असेल. छेदन अचूक, उत्तर खोटे.

क्षेत्रफळ मोजतानाही जपावे लागते. रेखांश-अक्षांशांवरून थेट मोजले तर उत्तर चौरस अंशांत येते. त्यातून जमीन कळत नाही. नकाशा आधी मीटरच्या प्रक्षेपणात आणावा लागतो. यूटीएमचा 43वा पट्टा 78 अंश पूर्वेला संपतो आणि ही रेषा ग्वाल्हेर जिल्ह्यातूनच जाते. शिवाय दोन नकाशे निरनिराळ्या हातांनी रेखलेले असले, तर सामाईक सीमेवर छेदनाच्या खोट्या चिंधोट्या उरतात. त्या गाळल्याशिवाय दोन गावे एकमेकांत घुसलेली दिसतात.

आंध्र-मद्रास सीमेसाठी वापरलेल्या पाटसकर सूत्रात गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही तत्त्वे होती; महाराष्ट्राचा दावाही त्यांवरच उभा आहे. सलगता बहुभुजांच्या कडा सांगतील. बहुमत मात्र माणसे मोजूनच ठरते. 2011च्या जनगणनेचे मातृभाषेचे प्रसिद्ध तक्ते गावापर्यंत पोहोचत नाहीत. ती उणीव क्षेत्रफळाने भरून काढणे म्हणजे पुराव्याच्या जागी अंदाज ठेवणे होय.

महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्या बाजूचा फुगलेला आकडा उलटतपासणीत कोसळला, तर त्याच्याबरोबर खरे आकडेही संशयित ठरतात. म्हणून सीमाबांधवांना आमची विनंती आहे : नकाशा पुढे पाठवण्यापूर्वी संख्या मोजली की वाटली, हे विचारा. आणि नव्या जनगणनेत गावनिहाय मातृभाषेचे आकडे प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी आत्ताच लेखी करा.