जोराचा जमाखर्च

आमच्या मुकुंदवाडीत नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे सणच! हातातली कामे टाकून अख्खी गल्ली भांडी घेऊन धावते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आक्का मात्र त्या दिवशी जिन्याकडे पाहून सुस्कारा टाकतात. गुडघे गेलेले, आणि 20 लिटरचा कॅन पायऱ्या चढून न्यायचा. पाणी भरून झाले की दोन दिवस अंथरूण.

एका रविवारी आमच्या चिरंजीवांनी डोके चालवले. "बाबा, कॅन गॅलरीतून दोरीने ओढून घेतला तर?" आम्ही पडलो कारकून, शिकलो बी.कॉम. पण हिशेब पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय कामी आली.

आधी कप्पीचा विचार केला. आडावरची एकटी कप्पी जोर वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. भरलेला कॅन 21 किलोचा, तर जोरही 21 किलोचाच. सोय एवढीच की खाली ओढताना अंगाचे वजन उपयोगी पडते. दुसरी कप्पी कॅनलाच अडकवली तर जोर निम्मा, साडेदहा किलो. पण कॅन 10 फूट चढवायला दोरी 20 फूट ओढावी लागते. इथे आमच्यातला हिशेबनीस जागा झाला. जोरात जे वाचले ते अंतराच्या खात्यात भरावेच लागते. वर घर्षणाचे कमिशन वेगळेच!

साडेदहा किलोही आक्कांना झेपणारे नव्हते. चिरंजीव म्हणाले, "आणखी चार कप्प्या लावू." आम्ही नको म्हटले. भाग वाढले की घर्षण वाढते, दोरी गुंतते. आपल्या शहरातली पाणचक्की पाहा. पाणी खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर पडते आणि त्याच उभ्या दांड्यावर वरचे जाते फिरते. मध्ये फारसे काही नाही, म्हणून बिघडायलाही फारसे काही नाही.

शेवटी रहाट ठरला. भंगारातून 4 इंच व्यासाची लोखंडी नळी आणली, तिला एक फुटाचा दांडा वेल्डिंग करून घेतला आणि दोन भक्कम खांबांवर ती गॅलरीत बसवली. नळीच्या मध्यापासून कड 2 इंच, दांड्याची मूठ 12 इंच. म्हणजे सहापट फायदा. 21 किलोला साडेतीन किलो जोर पुरतो, घर्षणाचे थोडे वर. 10 फुटांना साधारण दहा फेरे, आणि हात फिरतो साठेक फूट.

पहिल्याच दिवशी मात्र चूक झाली. कॅन अर्ध्यावर असताना चिरंजीवांच्या हातातून मूठ सुटली. कॅन खाली, आणि दांडा गरगरत त्यांच्या मनगटावर! आठ दिवस सूज होती. सहापट फायदा उलटा फिरला की मूठ कॅनच्या सहापट वेगाने धावते, ही उलट नोंद आम्ही विसरलो होतो. मग नळीला आरपार भोक पाडले. हात थांबला की त्यात लोखंडी खुंटी घालायची. ती खांबाला अडते आणि रहाट जागीच राहतो. कॅनखाली कुणी उभे राहायचे नाही, हा दुसरा नियम.

आता चिरंजीव खाली कॅन अडकवतात, आक्का वर बसून दांडा फिरवतात. परवा म्हणाल्या, "भाऊ, वेळ लागतो, पण गुडघे माझे राहतात."

वाचकांनी जरूर करून पाहावे. पण खुंटी आधी, दोरी नंतर!