शॉकअपच्या आधी पट्टा ताणला पाहिजे

व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेतली, दोन इंच उंच केली, दणकट टायर घातले, लांब शॉकअप बसवले; आता घाटमाथ्याच्या वाटा तुडवायच्या, असं ठरवलेल्या प्रत्येकाला एक विनंती आहे. निघण्याआधी गाडीखाली वाकून बघा. मागच्या हौजिंगपासून चासीपर्यंत दोन जाड विणलेले पट्टे दिसतात का? दिसत नसतील तर ते बसवून घ्या. दिसत असतील तर त्यांचं माप तपासा, कारण चुकीच्या मापाचा पट्टा असून नसल्यासारखाच.

उंचवट्यावरून गाडी उडाली की मागची चाकं खाली लोंबतात. हौजिंग, डिफरन्शिअल, ड्रम आणि दोन टायर मिळून शंभर किलोच्या वर ऐवज होतो, आणि तो एका झटक्यात खाली येतो. तो कुठंतरी थांबणारच. ज्याची लांबी आधी संपेल त्याच्यावर हा झटका बसतो. पट्टा नसेल तर बहुतेक वेळा शॉकअपच आधी संपतो आणि आतला पिस्टन वरच्या सीलच्या गाइडवर जाऊन आपटतो. शॉकअप हालचाल मंदावण्यासाठी असतो, ओझं लटकवण्यासाठी नाही. मग तेल गळतं, डोळा तुटतो, बोल्ट वाकतो. आपण शॉकअपच्या कंपनीला नावं ठेवतो, नवी जोडी घालतो आणि काही महिन्यांनी तीही गळते. शिवाय ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस नको तेवढ्या कोनात जातो. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७ पासून वाळवंटी शर्यती होतात. तिथल्या ट्रकांना हे पट्टे सर्रास असतात ते याचसाठी.

आता माप. इथं घाई करू नका. चासीखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. होज आणि वायर ताणली जात नाही ना, यावर नजर ठेवत हौजिंग हळूहळू खाली सोडा, शॉकअप पूर्ण उघडेपर्यंत. स्प्रिंगचा पाटाच आधी अडला तर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून त्याची पूर्ण लांबी मोजा आणि किती जागा उरते ते बघा. पूर्ण उघडत असेल तर हौजिंग जॅकने वर घ्या आणि शॉकअपची साधारण २० मिलिमीटर चाल शिल्लक राहील तिथं थांबा. पट्ट्याचे वरचे-खालचे बोल्ट जिथं येणार तिथलं मधोमध ते मधोमध अंतर मोजा. शॉकअपची लांबी म्हणजे पट्ट्याची लांबी नव्हे. शॉकअप तिरका असतो, पट्टा बराचसा उभा.

समजा अंतर ४०० मिलिमीटर आलं. तर ४०० चा पट्टा मागवू नका. नायलॉनचा पट्टा जोराच्या झटक्यात ताणतो, फुटामागे साधारण एक इंच. म्हणून ३७० च्या आसपासचा घ्या. ताणून तो ४०० वर येईल आणि शॉकअपला २० मिलिमीटर तरीही उरतील. गॅरेजमध्ये गाडी घोड्यांवर असताना मित्र म्हणतील, चाक इंचभर कमी लोंबतंय, पट्टा आखूड झाला. होऊ दे. फोटोत चाक किती लोंबतं यापेक्षा घाटात शॉकअप शाबूत राहणं मोलाचं. आणि दुसऱ्याच्या गाडीचं माप उचलू नका, तीच गाडी आणि तीच लिफ्ट असली तरी. त्याचा ब्रॅकेट कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

पट्टा शॉकअपच्या शक्य तितका जवळ घ्या. हौजिंगच्या मध्यावर एकच पट्टा लावला तर दोन्ही चाकं एकदम लोंबली तरच तो अडवतो. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असलं की हौजिंग तिरकं होतं, मधला पट्टा सैल राहतो आणि खड्ड्यातल्या बाजूचा शॉकअप एकटा ओढला जातो. सह्याद्रीतल्या वाटांवर नेमकं हेच जास्त घडतं.

खालचा ब्रॅकेट हौजिंगच्या नळीला यू-बोल्टने आवळता आला तर उत्तम. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकू शकते. करायचंच तर जाणत्या वेल्डरकडून, थोडं थोडं थांबत, बॅटरीची तार काढून आणि ब्रेकचा पाइप, डिझेलची टाकी जपून. चासीच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडू नका, ताण तिथंच जास्त असतो. बोल्ट १०.९ ग्रेडचा, दोन्ही बाजूंनी पत्र्याचा आधार असलेला, नायलॉक नटसह. नट कितीही आवळला तरी पट्ट्याची कडी बोल्टवर मोकळी फिरली पाहिजे. गाडी दबली की हाच पट्टा सैल होऊन घडी पडते. ती घडी सायलेन्सर, टायर किंवा बंपस्टॉपच्या रबराखाली जाऊ नये म्हणून बारीक इलॅस्टिकने एका बाजूला ओढून ठेवा.

भंगारातला सीटबेल्ट, सामान आवळायचा रॅचेट पट्टा, टोइंगच्या दोरीचा तुकडा: यातलं काही चालणार नाही. अनेक पदरी शिवलेला, याच कामासाठी बनवलेलाच घ्या.

लिफ्टचं काम मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या कक्षेत येऊ शकतं, हेही आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. दाव्याच्या वेळी विचारण्यात अर्थ नसतो.

पहिल्या खडबडीत फेरीनंतर सगळे नट पुन्हा पान्याने तपासा आणि पट्टा किती वाढला ते मोजा, नवा पट्टा थोडा कायमचाच वाढतो. चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, कारण वाळलेली रेती आतून धागे कापते. शिवण उसवलेली, कड पिंजारलेली किंवा उन्हाने रंग उडून कापड कडक झालेलं दिसलं की दोन्ही बाजूंचे पट्टे एकदमच बदला.