रात्री बाळ उठतं, म्हणजे दूध कमी नव्हे

"पोर रात्रभर रडतंय, तुझं दूध पुरत नाही, डबा आण." वस्तीतल्या बाळंतिणीला हे हमखास ऐकावं लागतं. (१९९२च्या कायद्याने डब्याच्या जाहिरातीला बंदी आहे, शेजारणीच्या तोंडाला नाही.) माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे. तान्ह्याचं पोट इवलंसं, आईचं दूध लवकर पचतं. २-३ तासांनी ते उठणारच. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतं. रात्रीचं पाजणं तोडलं की दूध खरंच कमी होऊ लागतं. मग डबा, तो महाग, म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. पोट भरल्यासारखं दिसतं, वजन वाढत नाही. बाटली अस्वच्छ असली की जुलाब.

रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नका. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्रीत ६-७ वेळा लघवी करतंय आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. लघवी कमी, बाळ सुस्त, अंगावर ओढत नाही किंवा ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली, कामगार बाईला बाळंतपणात विश्रांती मिळावी म्हणून. आपल्या घरात मात्र रात्रभर पाजून उठलेली सून पहाटे नळावर हंडा घेऊन उभी! पाणी नवऱ्याने भरावं. पहिली गरम भाकरी सासूबाईंनी तिच्या ताटात वाढावी. आणि ढेकर काढायला बाळाला बापाचा खांदाही चालतो.