स्तुती पुष्कळ झाली, आता साक्ष हवी

आमच्या धर्मग्रामांतून लिहिणाऱ्यांची वानवा आहे असे कोणी म्हणू नये. एखाद्या चर्चच्या रौप्य वा सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका उघडून पाहावी. आरंभी शुभेच्छासंदेश, मग माजी धर्मगुरूंची छायाचित्रे, पाठोपाठ संस्थांचे अहवाल, आश्रयदात्यांच्या जाहिराती आणि मधल्या रिकाम्या जागी कविता. कवितेत मरियामातेची स्तुती, लेखात पूर्वजांच्या अढळ श्रद्धेची. सारेच मंगल, सारेच गोड. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले तरी त्या गावात कोणी कधी रडले होते, भावाभावांत बांधावरून वैर आले होते किंवा एखाद्याची श्रद्धा एखाद्या रात्री डळमळली होती, याचा पत्ता लागत नाही. या लेखनाला आपण ‘ख्रिस्ती साहित्य’ म्हणतो. आमचा आक्षेप नेमका येथेच आहे.

स्तुतीशी आमचे भांडण नाही. स्तुती हा उपासनेचा प्राण आहे. परंतु श्रद्धेतून येणाऱ्या लेखनाचे खरे नाव स्तुती नव्हे, साक्ष हे आहे. साक्षीदाराला गौरव करण्यासाठी उभे केलेले नसते. जे पाहिले, जे ऐकले, जे भोगले ते न वाढवता व न लपवता सांगावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. देवाच्या दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. ती आज्ञा केवळ न्यायालयाच्या पायरीपुरती आहे काय? ज्या घरात दारूपायी रोज संध्याकाळी भांडी आपटतात, त्या घराचे ‘आदर्श ख्रिस्ती कुटुंब’ म्हणून छापलेले वर्णन हीदेखील खोटी साक्षच होय. फरक इतकाच, की तिच्याबद्दल शिक्षा होत नाही. उलट शाल आणि श्रीफळ मिळते.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते. श्रद्धेचे लेखन म्हणजे धार्मिक विषयावरचे लेखन. संसाराच्या कटकटी तेथे कशाला? हे म्हणणाऱ्यांनी पवित्र शास्त्र पुरते वाचलेले दिसत नाही. स्तोत्रसंहितेतील स्तोत्रांचा मोठा भाग तक्रारीचा, आक्रोशाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी दिलाशाची एक ओळही कोणी जोडलेली नाही. ईयोब देवाला जाब विचारतो, आणि ग्रंथाच्या शेवटी दोष लागतो तो ईयोबाला नव्हे, तर देवाच्या वतीने गोडगोड समर्थन करणाऱ्या त्याच्या मित्रांना. प्रभू येशूने क्रूसावरून जी हाक मारली, ती बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची, त्यागलेल्या माणसाची हाक आहे. देवाने ज्या शब्दांना आपल्या ग्रंथात स्थान दिले, त्या जातीच्या शब्दांना आपण स्मरणिकेच्या पानावर स्थान देत नाही, यास काय म्हणावे?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. माणसांचे आनंद आणि त्यांची दुःखे हीच ख्रिस्ताच्या अनुयायांचीही होत, या विचाराने त्याचा आरंभ होतो. साहित्य आणि कला मानवी जीवनातले प्रश्न व अनुभव जाणून घेण्याचा प्रयत्न करतात, म्हणून ख्रिस्तसभेच्या जीवनातही त्यांना मोठे महत्त्व आहे, असे त्यात पुढे सांगितले आहे. तेव्हा विहिरीचे पाणी मचूळ झाल्याचे दुःख, वडिलोपार्जित वाडी गुंठ्याच्या भावाने विकल्यानंतर घरात आलेले मौन, मुले परदेशी गेल्यावर मोठ्या बंगल्यात एकटीने रोझरी म्हणणारी आई, अमक्या समाजाची सोयरीक तमक्या समाजात नको म्हणून मोडलेला विवाह – हे सारे विषय ख्रिस्ती लेखकाचेच आहेत. ते बाजूला सारून उरते ती श्रद्धा नव्हे, श्रद्धेची सजावट.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे आणि त्याचा आम्ही आदर करतो. आपण अल्पसंख्य आहोत. आपल्याकडे संशयाने पाहणारे डोळे आहेत. घरातले उणेदुणे आपणच चव्हाट्यावर मांडले तर समाजाची बदनामी होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही भीती काल्पनिक नाही. परंतु या भीतीला उत्तर द्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. शुभवर्तमाने कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली याचा विचार करावा. साम्राज्याच्या एका कोपऱ्यात उगवलेला मूठभर श्रद्धावंतांचा तो मेळा होता. सत्ता त्यांच्या बाजूची नव्हती. संपत्ती आणि संख्याबळ तर नव्हतेच. अल्पसंख्य या शब्दाचा अर्थ त्यांच्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार? आपल्या प्रमुख प्रेषिताची अब्रू झाकण्यास त्यांच्यापाशी आपल्यापेक्षा कितीतरी सबळ कारण होते.

आणि त्यांनी काय लिहिले? पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, हे चारही शुभवर्तमानांत आहे. एकानेही ते वगळले नाही. शिष्य पळून गेले, थोमाने शंका घेतली, जब्दीच्या मुलांनी मानाच्या जागा मागितल्या, हेही आहे. संत मार्क हे संत पेत्राच्या प्रवचनांच्या आधारे लिहीत होते, असे ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा सांगते. ती खरी धरली तर आपल्या नाकारण्याची हकीकत पेत्रानेच सांगितली आणि मार्काने ती टिपून ठेवली. त्या काळी एखादी स्मरणिका समिती असती, तर कोंबडा आरवण्याचा प्रसंग तिने खचित गाळला असता. परंतु तो गाळला गेला असता तर पुढची वीस शतके पडलेल्या माणसाला उठण्याचे धैर्य कोणी दिले असते? बदनामी झाली ती पेत्राची. बळ मिळाले ते आपल्याला.

संत ऑगस्टिन यांचे उदाहरण याच जातीचे आहे. इ. स. ४०० च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे बिशपपदावर असतानाच, त्यांनी आपले आत्मनिवेदन लिहिले. कोवळ्या वयातील चोरी, तारुण्यातील वासना, पाखंडी पंथातील भटकंती, काहीही त्यांनी लपविले नाही. विरोधक टपलेले होते. त्यांच्या हाती आपण होऊन शस्त्र द्यावे, असा तो प्रकार होता. पापनिवेदन गुप्त असते, ते कागदावर कशाला, असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की संस्काराची गुप्तता ही पश्चात्ताप करणाऱ्याचे रक्षण करण्यासाठी आहे, ढोंगाचे रक्षण करण्यासाठी नव्हे.

आता आपल्या मराठीकडे वळू. मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ ज्या ग्रंथाने होतो, त्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे १५४९ साली इंग्लंडात जन्मले आणि १५७९ मध्ये गोव्यात आले. १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे त्यांचा ग्रंथ छापून निघाला. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा गौरव आपण सर्वच करतो. त्याच्या आरंभी काय आहे ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. तेथे एक ब्राह्मण उभा राहून पाद्रींना प्रश्न विचारतो. आमची जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केली, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. तो प्रश्न म्हणजे धर्मसत्तेसमोर मांडलेले गाऱ्हाणेच होते. फादर स्टीफन्स यांनी ते दडपले नाही. उलट त्यालाच ग्रंथाचे प्रवेशद्वार केले आणि वाचकाच्या भाषेत, वाचकाच्या छंदात उत्तर दिले. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया स्तुतीवर नव्हे, एका अवघड प्रश्नावर घातला गेला आहे.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, लोकांनी हाताने उतरवून घेतल्यामुळे. १९०७ साली मंगळूरला त्याची जी आवृत्ती निघाली, तिलाही अशा हस्तलिखितांचाच आधार होता. जे पुस्तक वाचकाला आपले वाटते, त्याच्यासाठी तो दिव्याच्या उजेडात डोळे शिणवतो. आमच्या स्मरणिका उद्या हरवल्या तर त्या हाताने उतरवून घेण्यास कोण बसेल?

लक्ष्मीबाई टिळक कॅथलिक नव्हत्या. परंतु मराठी ख्रिस्ती गद्याचा विचार त्यांच्याशिवाय होऊ शकत नाही. १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. तो आकांत, पतीचा तापट स्वभाव, घरातील ओढगस्त, स्वतःच्या मनातील सोवळेओवळे आणि ते हळूहळू गळून पडणे, हे सारे ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी सांगितले, आणि तेही हसत हसत. १९३४ ते १९३७ या काळात त्याचे भाग प्रसिद्ध झाले. आज जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही तो ग्रंथ मराठी घरांत वाचला जातो, आणि वाचणारे बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेविषयी त्यांच्या मनात आदर निर्माण झाला तो लक्ष्मीबाईंनी संसार गुळगुळीत करून दाखविला म्हणून नव्हे; त्यांनी तो खराखुरा दाखविला म्हणून. बदनामीच्या भीतीला याहून स्पष्ट उत्तर कोणते?

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, हे आम्ही लपविणार नाही. परंतु विरोध झाला तरी निवड टिकली, आणि वसईच्या मातीतील एक धर्मगुरू मराठी सारस्वताच्या व्यासपीठावर उभा राहिला. मराठी समाज आपले ऐकण्यास तयार आहे. आपल्यापाशी सांगण्यासारखे खरे काही आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे, कारण आमच्या म्हणण्याचा विपर्यास करणारे भेटतील. शेजाऱ्याच्या घराची भिंत पाडून आतले दाखविणे म्हणजे साक्ष नव्हे. ती निंदा होय, आणि निंदाही त्याच आठव्या आज्ञेने निषिद्ध आहे. दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. निंदक दुसऱ्याचे पाप सांगून स्वतः बाजूला उभा राहतो. साक्षीदार दुःखाच्या आत उभा राहून बोलतो. निंदेला नावे हवी असतात. साक्षीला माणूस हवा असतो. ज्याच्याविषयी लिहावयाचे, त्याच्यासाठी प्रार्थना करता येत असेल तरच लेखणी उचलावी. ही अट कडक आहे, पण ती मौनाची सबब होऊ शकत नाही.

शेवटी, हे काम कोणाचे? अनेकांची समजूत अशी, की लिहिणे हे धर्मगुरूंचे काम आणि ऐकणे हे प्रापंचिकांचे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्याविषयी एक पत्र लिहिले. आरंभी ते भावी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरतेच लिहिण्याचा विचार होता. परंतु मग त्यांनी सर्वच ख्रिस्ती माणसांना त्यात सामावून घेतले. कथा-कादंबऱ्या-कविता वाचणे म्हणजे दुसऱ्याचा आवाज ऐकण्यास शिकणे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तरुणपणी, १९६४-६५ या काळात, ते स्वतः सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत होते. ज्याला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याला देवाचा आवाज ऐकू येतो यावर आमचा विश्वास नाही.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांकडे आमचे मागणे मोठे नाही. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा शुभेच्छासंदेशांची दहा पाने कमी करावीत आणि ती कोळणीला, वाडीवाल्याला, परिचारिकेला, मुलगा गमावलेल्या बापाला द्यावीत. त्यांची भाषा अशुद्ध असेल तर शुद्धलेखन सुधारावे. त्यांचे दुःख सुधारू नये. एखादी कथा छापून आली तर ‘हे कोणाच्या घरचे?’ असे विचारत फिरू नये. ‘यात आपण कोठे आहोत?’ असे विचारावे. आणि ज्या लेखकाने खरे लिहिले, त्याला मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकटे पाडू नये.

आपण प्रत्येक रविवारी श्रद्धेचा अंगीकार उभे राहून म्हणतो. बसून नव्हे, उभे राहून. कारण साक्ष उभे राहूनच द्यावयाची असते. कागदावरही आता उभे राहण्याची वेळ आली आहे.