१० वर्षांचा लॅपटॉप बाद, मग ४० वर्षांचा कॉम्प्युटर आजही ऑक्टोपॅड कसा वाजवतो?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळं औशातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात धडधाकट चालणारा कॉम्प्युटरही कागदोपत्री म्हातारा झाला.

आता उलटं उदाहरण बघा. १९८२ चा कमोडोर ६४. मेमरी फक्त ६४ केबी, मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण वरातीत वाजतो तो ऑक्टोपॅड याला जोडला, तर हा गडी तो आजही वाजवून दाखवतो.

यामागं आहे मिडी.

त्याआधी प्रत्येक कंपनीच्या वाद्याची बोली वेगळी होती. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांना डिस्कोचा ठेका देणारा अल्बम केला, तो रोलँडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ वर. ८०८ आणि ३०३ एका ठोक्यावर चालायची, कारण दोन्ही एकाच घरची. दुसऱ्या कंपनीचं यंत्र मध्ये आलं की वांधे.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शिअल आणि रोलँड या दोन स्पर्धक कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरनं जोडून दाखवले गेले. खरी गंमत पुढं आहे. हा करार कुणीही वापरावा, रॉयल्टी द्यायची गरज नाही, असं ठरलं. म्हणून तो टिकला.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात. १५३, ३८, १०० हे तीन आकडे पाठवले की दहाव्या चॅनलवर ठेवलेला स्नेअर ड्रम वाजतो. १५३ म्हणजे 'दहाव्या चॅनलवर वाजव', ३८ म्हणजे कोणता ड्रम, १०० म्हणजे किती जोरात. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका ठोक्याच्या निरोपाला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. एवढ्या कामाला जुनाट प्रोसेसर पुरून उरतो.

कमोडोरला मिडीचं सॉकेट नसतं, मागं एक कार्ट्रिज लावावी लागते. अटारी एसटीला मात्र १९८५ पासून ते सॉकेट घरचंच. आपल्याकडं १९८४ च्या सुमारास सरकारी 'क्लास' योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले, त्यालाही वेगळं कार्ड लावून हे जमतं. पुढचं काम बेसिकमध्ये. कमोडोरवर 'पोक' या आज्ञेनं ठरलेल्या पत्त्यावर एकेक आकडा टाकायचा.

अडचण येते ती लयीत. मिडी एका मात्रेचे २४ बारीक ठोके करते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर सेकंदाला ४८ ठोके लागतात. कमोडोरच्या बेसिकमधलं घड्याळ सेकंदाला ६० वेळा पुढं सरकतं. ६० ला ४८ नं भाग जात नाही, त्यामुळं ठेका लंगडतो. लय १५० केली की दोन्ही आकडे बरोबर जुळतात! पण एका लयीत अख्खी वरात कशी काढणार? हलगीवाला नाचणाऱ्यांच्या पायाकडं बघून लय चढवतो. म्हणून जाणकार बेसिक सोडून मशीन लँग्वेजकडं वळतात आणि कॉम्प्युटरच्या आतला टायमर वापरतात.

आणखी एक सोय फारशी बोलली जात नाही. मिडीच्या इनपुटमध्ये ऑप्टो-आयसोलेटर असतो, म्हणजे निरोप उजेडाच्या रूपानं पलीकडं जातो, दोन यंत्रांची वीज एकमेकांत मिसळत नाही. एक यंत्र जनरेटरवर आणि दुसरं घरच्या लाईनवर असेल, तर 'घूंऽऽ' असा आवाज मिडीच्या वायरीमुळं तरी येत नाही. वायर मात्र १५ मीटरच्या आत ठेवायची.

हे सगळं कायम असंच राहील असंही नाही. बऱ्याच स्वस्त कीबोर्डवरून पाच पिनांचं गोल सॉकेट गायब झालंय, फक्त यूएसबी उरलंय. यूएसबीतूनही तेच आकडे जातात, पण तिथं जुना कॉम्प्युटर थेट जोडता येत नाही, मध्ये आणखी एक डबा लागतो. बँजो पार्टीसाठी सेकंडहँड ऑक्टोपॅड घेत असाल तर पॅडवर टिपरी मारून बघण्याआधी तो उलटा करा. मागं 'मिडी इन' लिहिलेलं गोल छिद्र आहे का बघा. नसेल तर भाव पाडून मागा.